गोलात उभा राहणारा बारक्या

मला लिहायची सवय नाही, बोलते तसंच टाइप करतेय. बारक्या, माझा धाकटा भाऊ, मागच्या महिन्यात गेला. अंगाने ताडमाड, पण घरात सगळ्यांत लहान म्हणून बारक्या. दिवसभर दुकानात काचा कापायचा आणि संध्याकाळी शाळेमागच्या ग्राउंडवर पोरापोरींना फुटबॉल शिकवायचा. त्यातही वेड एकच, गोल कसा करायचा.

म्हणायचा, ताई, रिकाम्या जाळीत कोणीही मारतं. कीपर अंगावर धावून आला की पोरांचे पाय लटपटतात, ते मला घालवायचंय. म्हणून हा स्वतःच गोलात उभा राहायचा. दोन पोरं बॉल घेऊन यायची, हा हात पसरून पुढे धावायचा. एकाने याला आपल्याकडे ओढायचं आणि मोकळ्या झालेल्या दुसऱ्याला पास द्यायचा. नाहीतर हा पुढे आल्यावर मागे जागा कुठे उघडी पडली ते बघून बॉल सरकवायचा. कोणी बिचकलं की म्हणायचा, मी काय वाघ आहे का, घरी आईला एवढे घाबरता का रे.

मग त्याच्या छातीत मशीन बसवलं. ठोके चुकत होते म्हणून. डॉक्टरांनी बजावलं, शिकवा, पण बॉल तिथे लागता कामा नये, आतली वायर हलली तर भलतंच होईल. टाके सुकले तसा हा परत गोलात. त्याची बायको, माझी वहिनी, रडली, भांडली, अबोला धरून बसली. हा ढिम्म. मी रोज गोलामागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. धप्प आवाज आला की माझा जीव मुठीत.

त्याची एकच अट, पोरांना सांगायचं नाही. कळलं तर माझ्यासमोर शॉट मारणार नाहीत, म्हणायचा.

शेवटी वहिनीला राहवलं नाही. तिने एका पोरीला गुपचूप सांगितलं. सगळ्यांत जोरात मारायची म्हणून तिला सगळे तोफ म्हणायचे. झालं, दुसऱ्या दिवसापासून तोफेचा शॉटच बंद. समोर अख्खा गोल उघडा असला तरी ही आपली मागे पास देणार. मॅचमध्ये दुसऱ्या टीमचा कीपर पुढे आला तरी तेच, जागच्या जागी थिजायची.

बारक्याने ओळखलं. तिला जवळ बोलावलं, शर्टाची बटणं काढून मशीनचा उंचवटा दाखवला. पोरगी ढसाढसा रडली.

"सर, तुम्हाला काही झालं तर?"

"झालं तर मशीनवाल्याला धर. तू बघतेस कुठे? माझ्याकडे. मी उभा आहे तिथे मारायचंच नसतं, वेडे. मी नाही तिथे मार."

हा परत गोलात जाऊन उभा राहिला. मी त्याला ओढायला उठले. म्हणाला, ताई, खाली बस, तुझं तोंड बघून ती आणखी घाबरेल. बसले. तोफ बॉल घेऊन धावत आली, हा पुढे झेपावला, आणि मी डोळे गच्च मिटले. धप्प. डोळे उघडले तर हा जमिनीवर आडवा. मग त्याने मान वळवली, जाळीतला बॉल बघितला आणि हसायला लागला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो गेला. दुपारी आडवा झाला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, मशीन ठीक होतं, वायर जागच्या जागी होती, हृदयच थकलं होतं.

तोफ भेटायला आली ती दारातच उभी. आत येईना. मी म्हटलं, बाळा, मनाला लावून घेऊ नकोस, तुझा बॉल त्याला लागलाच नव्हता, मी तिथे होते ना.

"मावशी, तुम्ही डोळे मिटले होते. छातीला घासून गेला. सर म्हणाले, कुणाला बोलू नकोस."

डॉक्टरांचं बोलणं मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती मान हलवते, पण ग्राउंडवर बॉल पायात आला की खाली बघून पास देऊन टाकते. मी अजून बाकावर जाऊन बसते. तिला कसं सांगू, डॉक्टरांचं सगळं पटलंय तरी धप्प आवाज आला की मीही अजून डोळे गच्च मिटते.