खड्डे बुजलेला तारा

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या सरिताबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर त्यांना ताऱ्यांचा नाद लागला. तोही घरात बसून. बंगळूरला खगोलशास्त्रात संशोधन करणाऱ्या लेकीनं, भावनानं, तो लावला होता. दुर्बिणींनी वर्षानुवर्षं केलेल्या आकाशाच्या पाहण्या कॉम्प्युटरवर कुणालाही उघडता येतात. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी एक दुसऱ्याच्या आड आला, की उजेड घटतो आणि आलेखात खड्डा पडतो. असे खड्डे शोधायचे.

एका दुपारी त्यांना अशी एक जोडी सापडली. दर काही दिवसांनी खड्डा, अगदी ठरल्यासारखा. हौसेनं त्यांनी त्याच ताऱ्याची नंतरच्या वर्षांतली पाहणी उघडली, तर रेघ सपाट.

"अहो, याचा जोडीदार कुठं गेला? मले काही समजूनच नाही राहिलं."

रेल्वेतून रिटायर झालेले त्यांचे यजमान गुलाबराव वाकून बघत म्हणाले, "तू भलत्याच ताऱ्याले पाहून राहिली असशीन. आधी डोळे दाखव."

डोळे दाखवले. चष्म्याचा नंबर तोच निघाला. ताऱ्याची जागा पुन्हा पुन्हा ताडून पाहिली, तीही तीच. पंडरीच्या कापडबाजारात साड्या घ्यायला गेल्या, तर दुकानदार "दीदी, ये वाली?" विचारतोय आणि यांच्या डोळ्यांपुढे ती सपाट रेघ. आपण ते खड्डे खरंच पाहिले होते का, असंही वाटून गेलं.

शेवटी त्यांनी भावनाला कळवलं.

"आई, गलत तारा होगा," ती हसली. मग तिनं स्वतः पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. तिच्या सरांनी मोठ्या दुर्बिणीतून त्या ताऱ्याचा उजेड तपासून तो हलतोय का ते पाहून घेतलं.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "दोनों अभी भी घूम रहे हैं, आई! बस चक्कर तिरछा हो गया, तो यहाँ से एक-दूसरे को ढँकते नहीं. शायद कोई तीसरा तारा खींच रहा है."

"मग तो दिसला का?"

"नहीं ना. हम भी कन्फ्यूज़ हैं. पर हमारे रिसर्च पेपर में तेरा नाम जाएगा."

सरिताबाईंनी गुलाबरावांना समजावून सांगायला टेबलावर दोन वाट्या मांडल्या, एकीभोवती दुसरी फिरवली, मग तिरपी फिरवली. गुलाबराव तिसरी वाटी घेऊन आले.

"ही कुठं ठेवू?"

"तेच तं माहीत नाही," म्हणत त्या वाट्यांकडे बघतच राहिल्या.