गुणाजी मालिशवाल्याचा नियम

घाटकोपरच्या भटवाडीत गुणाजीच्या हाताला मोठा मान होता. दिवसा कारखान्यात हमाली, संध्याकाळी व्यायामशाळेत मालिश. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची शीर चढली की लोक गुणाजीचं दार दाखवायचे. गडी तोऱ्यातही असायचा म्हणा! लांबची शर्यत धावून आलेल्या पोरांसाठी त्याचा नियम ठरलेला. अंगावर घोंगडी घालायची, कोमट तेलाने पोटऱ्या चोळायच्या आणि तासभर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. "तापल्या अंगात पाणी गेलं की छाती भरते," म्हणायचा. हे त्याला वस्तादाने सांगितलेलं. वस्तादाला कुणी सांगितलं, देव जाणे. वीस वर्षांत कुणी दगावलं नव्हतं, एवढ्यावर नियम खरा ठरला. कसला डोंबलाचा नियम!

लवू हा त्याच्या विधवा बहिणीचा, रुक्मिणीचा एकुलता एक. पोराला मुंबईला धाडताना ती म्हणाली होती, "गुणाजी, ह्येका तुझ्या पदरात घालतंय."

चोपन्न सालच्या मे महिन्यात घाटकोपर ते मुलुंड आणि परत अशी शर्यत ठरली. सकाळी सातला सुटायची, ती पाहुणे आले नाहीत म्हणून साडेदहाला सुटली. लवू तिसरा आला. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. गुणाजीने त्याला व्यायामशाळेत आडवा केला, घोंगडीत गुंडाळला आणि पोटऱ्या चोळायला घेतल्या.

"मामा, घोटभर पानी दी," लवू म्हणाला.

"गप ऱ्हव. वायच दम खा."

शेजारचा क्लेमेंट, दवाखान्यातला कंपाउंडर, दारातूनच ओरडला, "अरे गुणाजी, पोर उकडतंय! घोंगडी काढ, पाणी दे त्याला."

"तू बाटल्या भर रे. अंग मला कळतं."

लवूने आणखी दोनदा पाणी मागितलं. मग आईला हाका मारू लागला, काहीबाही बरळू लागला. गुणाजीला वाटलं, थकवा उतरतोय. तो चोळतच राहिला. पोराला आकडी आली तेव्हा क्लेमेंटने गुणाजीला ढकलून घोंगडी फेकली, हंडाभर पाणी अंगावर ओतलं, टांगा आणला. दिवेलागणीला इस्पितळात लवूने प्राण सोडला. "उष्माघात," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर गार केलं असतं, पाणी दिलं असतं, तर वाचलाही असता." गुणाजी तिथेच फरशीवर बसला.

तिसऱ्या दिवशी आगबोटीने रुक्मिणी आली. रडून रडून घसा बसलेला. तिने एकच विचारलं, "शेवटाक पानी तरी घातलंस मा रे तेच्या तोंडात?"

क्लेमेंट समोरच उभा होता. गुणाजीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"घातलंय," तो म्हणाला.

"बरा केलंस रे बाबा." तिने त्याचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले.

गुणाजीने पुन्हा कुणाच्या अंगाला हात लावला नाही. रुक्मिणी गावी परतली नाही. कोण होतं तिचं तिथे? भावाकडेच राहिली. नळावर नवी बाई भेटली की सांगायची, "माझ्या भावान शेवटाक पानी घातल्यान हां." क्लेमेंट जाता-येता ऐकायचा आणि खाली मान घालून निघून जायचा. एकदा तरी त्याने तिला खरं सांगून टाकावं, असं गुणाजीला रोज वाटायचं.