आनंदरावांचा बिनपगारी मुक्काम

भोंगवलीचे आनंदराव चोरघे एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली बावीस वर्षं त्यांनी भोर डेपोची आंबेदऱ्याची मुक्कामी गाडी चालवली. संध्याकाळी भोरहून निघायचं, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं खोऱ्यातल्या शेवटच्या गावाला, म्हणजे आंबेदऱ्याला पोचायचं, शाळेच्या पटांगणात गाडी लावायची, गावातल्या ठरलेल्या घरी जेवायचं आणि गाडीतच पडायचं. पहाटे साडेपाचला शाळकरी पोरं, दुधाच्या किटल्या आणि कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं घेऊन परत भोर. कंडक्टर मागच्या लांब सीटवर झोपायचा, आनंदराव इंजिनाच्या बॉनेटवर. थंडीत बॉनेट उबदार असायचं. उन्हाळ्यातही असायचं, त्याला इलाज नव्हता.

घरी आनंदराव फार बोलत नसत. त्यांच्या बायकोला, रत्नाबाईंना, नवऱ्याच्या तोंडचे जे शब्द रोज ऐकू यायचे ते म्हणजे व्हय, न्हाई, वाढ, पुरं. आणि जेवताना, "मीठ बघत जा जरा." रत्नाबाईंची अशी समजूत होती की ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी वर्षानुवर्षं डोक्यावर असल्यामुळे माणसाचं असं झालं असावं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. रिटायर झाल्यावर आनंदराव सहा वर्षं ओसरीत बसून होते, तेव्हाही पाटी उतरली नाही.

यंदा मार्चमध्ये मुलगा कुमार आणि सून स्नेहल पुण्याहून आले ते एक बेत घेऊनच. कुमारच्या ऑफिसातलं कुणीतरी कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन एका तलावाकाठी राहून आलं होतं. कॅराव्हॅन म्हणजे चालतं घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, बेसिन, संडाससुद्धा. कुमारनं मोबाईलवर फोटो दाखवले. निळंशार पाणी, काठावर गाडी, गाडीपुढे खुर्च्या, खुर्चीत टोपी घातलेला माणूस.

"आप्पा, तुम्ही आयुष्यभर लोकांना फिरवलंत," कुमार म्हणाला. "आता आम्ही तुम्हाला फिरवणार. धरणाकाठी, गाडीतच राहायचं. एक रात्र, दोन दिवस."

आनंदरावांनी फोटो लांब धरून पाहिले. "गाडीत झोपायचं?"

"हो!"

"आन् त्याचे आपुन पैसे द्यायचे?"

"अहो आप्पा, तोच तर अनुभव असतो."

"हा अनुभव घ्यायचा मला म्हामंडळ पगार देत हुतं," आनंदराव म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

बेत तिथंच बारगळला असता. पण स्वयंपाकघराच्या दारातून रत्नाबाई म्हणाल्या, "मला यायचंय."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"बावीस वर्षं हे गाडीत कसं झोपत हुते, मला काय ठावं? म्या कधी बघितलंय? एक दिवस बघते तरी झोपून." मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अवो, कसं हाय आंबेदऱ्याचं पाणी? फोटूत हाय तसंच हाय का?"

आनंदराव विचारात पडले. ते पोचायचे तेव्हा अंधार पडलेला असायचा आणि निघायचे तेव्हा उजाडायचं असायचं. मधल्या वाटेत त्यांची नजर रस्त्यावर असे, कारण ती तिथं नसती तर गाडी पाण्यात असती. बावीस वर्षं ज्या पाण्याच्या काठानं गाडी नेली ते त्यांनी नीट असं पाहिलंच नव्हतं. पण हे कबूल करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "लई हाय."

त्यामुळं ठिकाण ठरलं, आंबेदरा. आणि जाणकार म्हणून आनंदरावही ठरले.

एकदा जबाबदारी अंगावर आल्यावर मात्र त्यांनी ती ड्युटी म्हणून घेतली. स्नेहलनं मोबाईलवर 'आप्पांची ट्रिप' नावाचा ग्रुप काढला होता. त्यावर ती सामानाच्या याद्या टाकायची. त्यात डासांची उदबत्ती, घडीच्या खुर्च्या, कोळशाची शेगडी, मसाला लावलेलं पनीर, आणि पाठीवर पडून तारे बघायची चटई होती. आनंदरावांनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला वेळापत्रक काढलं. भोंगवली सहा दहा, भोर सहा पन्नास, भोरला दहा मिनिटं थांबा, असं. चहासाठी चार मिनिटं होती. स्नेहलनं विचारलं, "आप्पा, वाटेत फोटो काढायला कुठे वेळ आहे?" त्यांनी भोरचा थांबा दोन मिनिटांनी वाढवून दिला.

पण त्यांची खरी काळजी होती ती कातळाच्या वळणाची. आंबेदऱ्याच्या अलीकडे दोन मैलांवर डोंगराचा एक कातळ रस्त्यात असा पुढे आलेला होता की तिथं एसटी दोनदा मागं घेऊन मगच वळवावी लागे. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खाली धरण. या वळणाबद्दल आनंदरावांनी ग्रुपमध्ये रोज काही ना काही सांगायला सुरुवात केली. मोबाईलवर लिहिता यायचं नाही म्हणून आवाज पाठवायचे. गाडीची लांबी कळवा. मागचं चाक कुठं येतं ते कळवा. ड्रायव्हरची सर्व्हिस किती झाली ते कळवा.

"आप्पा, कॅराव्हॅन वीस फुटांची आहे," कुमारनं शेवटी फोन केला. "एसटी याच्यापेक्षा केवढी मोठी असते!"

"एसटी म्या चालवत हुतो," आनंदराव म्हणाले.

दोन महिने असे वळणात गेले. पनीर कुठलं घ्यायचं ते ठरलं, पाऊस आला तर काय, वारा सुटला तर काय, रेंज नसली तर काय, तेही ठरलं. कुमारला रजा मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मिळाली. धरणकाठच्या माणसाला विचारलं असतं तर मेअखेरच्या धरणाबद्दल त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारलं कुणी नाही, कारण जाणकार घरातच होता.

शनिवारी गाडी सहा दहाच्या ऐवजी आठला भोंगवलीत आली. निम्मं गाव बघायला जमलं. रत्नाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. आत चढून त्यांनी प्रत्येक दार उघडून पाहिलं, संडासाचं दार मात्र लगेच लावलं आणि हळूच म्हणाल्या, "चुलीच्या शेजारी?"

गाडीबरोबर कंपनीचा ड्रायव्हर होता, गेनू नावाचा, पन्नाशीचा शांत माणूस. आनंदराव त्याच्या शेजारी बसले आणि भोर सोडल्यापासून त्याला सांगत राहिले. पुढं गतिरोधक हाय. दुसरा टाका. हॉर्न द्या. गेनू दर वेळी म्हणायचा, "व्हय काका." वळण आता अर्ध्या मैलावर आलं असावं, या हिशेबानं आनंदराव सीटवरून पुढे सरकले.

"आता थांबा. म्या उतरून मागनं हात दावतो. म्या म्हनल्याबिगर वळवायची न्हाई."

"ते कातळाचं व्हय काका?" गेनू म्हणाला. "ते झालं की मागंच."

आनंदरावांनी मागं वळून पाहिलं. कातळ नव्हता. तो फोडून रस्ता दुपदरी केलेला होता, मध्ये पांढरा पट्टा मारलेला होता, आणि एक भला मोठा वाळूचा टेम्पो समोरून त्यांना ओलांडून निघूनसुद्धा गेला होता.

"कधी फोडला?" त्यांनी विचारलं.

"तीनेक वर्षं झाली. म्या गेल्या म्हैन्यातच आलतो हितं, पार्टी घेऊन."

मागच्या सीटवर कुमार खिडकीबाहेर बघू लागला. हे त्याचं मोठेपण. आनंदराव सावकाश मागं सरकून बसले आणि त्यानंतर त्यांनी हॉर्न द्या असं म्हटलं नाही.

आंबेदऱ्यात शाळेच्या पटांगणात गाडी लागली. स्नेहल पहिली उतरली, मोबाईल हातात धरूनच. ती पटांगणाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

"आप्पा, तलाव कुठाय?"

समोर पाणी नव्हतं. खालपर्यंत नुसता गाळ पसरला होता, वाळून भेगाळलेला. मध्ये मध्ये हिरवळ उगवलेली, तिच्यावर म्हशी चरत होत्या. पार लांब, जिथं खोरं वळतं तिथं, एक चकाकती रेघ दिसत होती. धरणाचं पाणी खाली कालव्यांना गेलं होतं, ते दर उन्हाळ्यात जातं. जूनच्या पावसाशिवाय ते परत येत नाही.

कुमारनं वडलांकडे पाहिलं. आनंदरावांनी त्या रेघेकडे पाहिलं.

"लई म्हनला हुता," रत्नाबाई म्हणाल्या.

"असतं," आनंदराव म्हणाले. "आज न्हाई."

घडीच्या खुर्च्या बाहेर निघाल्या, त्या म्हशींकडे तोंड करून मांडल्या गेल्या. स्नेहल समंजस मुलगी, तिनं म्हशींचे फोटो काढायला घेतले. कुमार गाडीचा एसी लावायला गेला तर गेनूनं सांगितलं की एसीला बाहेरून लाईट जोडावी लागते, आणि शनिवारी गावात लाईट नसते. कोळशाची शेगडी पेटेना. तेवढ्यात वरच्या आळीतून एक साठी ओलांडलेली बाई पदर खोचत झपाझप खाली आली.

"डायवर! आता पडदं लावून गाडी आणताय व्हय?"

साळूबाई होत्या. बावीस वर्षं मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरचं रात्रीचं जेवण यांच्याच घरी असायचं. आनंदरावांचा चेहरा उजळला, मग लगेच काहीतरी आठवून सावध झाला. साळूबाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या रत्नाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमीच रत्नावैनी ना? म्या वळखलं. आवं, तुमच्या हातच्या शेंगोळ्यांचं सांगून सांगून ह्यांनी आमच्या घरची जेवणं गार केली. आमची रत्ना आशी करती, आमची रत्ना तशी करती. माझ्या मालकानं एकदा इचारलं, मंग हितं कशाला जेवता, जावा की घरी."

रत्नाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आनंदराव गाडीच्या टायरमधली हवा बघत होते.

"आन् बोलणं तर काय!" साळूबाई थांबायला तयार नव्हत्या. "जेवण झालं की आळी गोळा व्हायची आमच्या वट्यावर. वरंध्याच्या घाटात बिबट्या एसटीसमोर बसला ती गोष्ट म्या ईसदा ऐकली आसंल. हसून हसून पोटात दुखायचं. ह्यांची बदली झाली तवा गावाला सुनं सुनं झालं बगा."

"ह्यांची गोष्ट?" रत्नाबाईंनी विचारलं. "ह्यांची?"

"मंग वो!"

एकतीस वर्षांच्या नोकरीत आनंदराव कधी तपासणी पथकाच्या हाती लागले नव्हते. आज भर पटांगणात, सुनेसमोर, त्यांची झडती चालली होती आणि खिशातून जे निघत होतं ते त्यांनाही नाकारता येत नव्हतं.

रत्नाबाई टायरजवळ गेल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आवं, मीठ बराबर असायचं का त्या शेंगोळ्यात?"

"व्हय," आनंदराव म्हणाले.

"मंग तोंडावर सांगाया काय झालतं? पस्तीस वर्षं म्या मीठ बघत बसले."

खरं तर त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं की घराच्या उंबऱ्यात आल्यावर आपलं तोंड का मिटायचं. कदाचित घरी माणूस ऐकायलाच असतं, ते कुठं जाणार आहे, असं त्यांना वाटत आलं असावं. वट्यावरची माणसं मात्र पहाटे साडेपाचला मागं सुटायची. एवढं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण बाहेर निघालं ते इतकंच, "ऱ्हायलं."

संध्याकाळी सगळे साळूबाईंकडे जेवले. मसाला लावलेलं पनीर साळूबाईंच्या नातवंडांना गेलं. जेवण झाल्यावर रत्नाबाई भांडी घासायला म्हणून साळूबाईंबरोबर मागच्या अंगणात गेल्या आणि त्या दोघींचं बोलणं काही संपेना. शेवटी निरोप आला, त्या आज इथंच झोपणार, तुम्ही जा. म्हणजे जिच्या हौसेसाठी चालतं घर आणलं, ती घरातच झोपली. गाडीत कुमार आणि स्नेहल उकडत पडले. आनंदराव मऊ गादीवर कूस बदलून कंटाळले आणि उठून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्याबसल्या झोपले. गेनू बाहेर ताऱ्यांच्या चटईवर अगदी गाढ झोपला होता.

रविवारी परतीच्या वाटेवर रत्नाबाई नवऱ्याच्या शेजारी बसल्या. भोर मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "सांगा."

"काय?"

"बिबट्याचं."

आनंदराव घुटमळले. सुरुवातीला त्यांना बिबट्या नेमका कुठल्या मैलाच्या दगडाजवळ होता तेच आठवेना, मग आठवलं. गोष्ट काही साळूबाईंनी म्हटली तितकी हसवणारी निघाली नाही. पण गेनूनं गाडी हळू केली, कुमार मोबाईल खाली ठेवून ऐकत राहिला, आणि कंडक्टरनं बिबट्याला पुढं सरका म्हणून घंटी मारली तिथं रत्नाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की आनंदराव दचकून थांबले. "थांबू नगा," त्या म्हणाल्या.

आता या गोष्टीला चार महिने झाले. कुमारनं कंपनीला लेखी कळवलं की एसी चालला नाही आणि तलाव म्हशींना दिलेला निघाला. कंपनीनं पुढच्या बुकिंगला सूट दिली, आणि कुमारनं ग्रुपमध्ये विचारलं की दिवाळीत पवना धरणावर जायचं का. रत्नाबाईंनी आवाज पाठवून उत्तर दिलं, "तुमी जावा. साळूबाई यायच्यात आमच्याकडं आठ दिवस, नातीला घेऊन."

तो निरोप गेला तेव्हा आनंदराव ओसरीलगतची खोली झाडत होते. झाडता झाडता बोलतही होते, बायकोशी, अर्ध्या तासापासून, गतिरोधकांबद्दल. रत्नाबाईंनी दोनदा सांगून पाहिलं की जरा गप बसा, भात करपतोय.