नागडी गाडी

लग्न झाल्यापासून नवऱ्याने त्या रेसच्या मोटरसायकलपायी माझं डोकं खाल्लं होतं. टाकीवर ओणवं होऊन चालवायची, अंगभर कवच असलेली. आणि घरी काय आली, तर तिची स्वस्तातली बहीण! इंजिन तेच, पण कवच नाही, हॅण्डल उंच, सायकलवर बसावं तसं ताठ बसायचं. हिला म्हणे 'नेकेड' म्हणतात. मी म्हटलं, "एवढा गाजावाजा करून शेवटी नागडीच आणलीस?"

"परवडली म्हणून आणली," तो म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही गुडगावहून मानेसरच्या पुढे चहाला जायचो. हिवाळ्यात धुरक्याने डोळे चुरचुरायचे, वारा थेट अंगावर यायचा आणि मी मागे बसून त्याच्या कंजूषपणाचा उद्धार करायची. तो नुसता हसायचा.

एकदा मानेसरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कलकलाट, "चल ना भाई!" त्याने चालू केली, परत बंद. क्लचवरची त्याची बोटं मिटतच नव्हती. गाडी ढकलत कडेला नेली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. हातांच्या नसांचा आजार. ताकद जात राहणार, परत येणार नाही. डॉक्टरांनी गाडी घ्यायच्या आधीच सांगितलं होतं. रेसच्या गाडीवर सगळा भार मनगटांवर येतो, तो झेपला नसता. उंच हॅण्डलवर थोडे दिवस तरी निघाले असते.

"मेल्या, आणि मला सांगितलं नाहीस?" भर रस्त्यात ओरडले मी.

"सांगितलं असतं तर मागे बसली असतीस?"

नसतेच बसले. इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की ऑटोत घरी येईपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

आता शर्टाची बटणं मीच लावते. गेल्या रविवारी म्हणाला, "पार्किंगमध्ये एक चक्कर मारू, चल." मी मागे बसले, गाल त्याच्या पाठीला टेकवला आणि हात पुढे घालून क्लच धरला.

"दाब," तो म्हणाला. पायाने गिअर टाकला. "आता सोड. हळू, हळू."

गाडी खांबांमधून चालू लागली. रॅम्पपाशी म्हणाला, "रेस दे."

मूठ पिळून रेस द्यायचं काम तरी त्याचा उजवा हात करतोय, असं मला वाटत होतं. वाकून बघितलं. तो हात मुठीवरून घसरून मांडीवर पडला होता.

मी दुसराही हात पुढे घातला.