"नेक डायच घे" म्हणणाऱ्या सगळ्यांना

मंडळी, आज शूटिंग रेंजवर माझी सेमी-ऑटो रायफल पहिल्याच गोळीला अडकली. जिवंत काडतूस अर्धवट आत! रेंजच्या सेफ्टी ऑफिसरने सगळ्यांचंच शूटिंग थांबवलं.

मी काडतुसं घरी भरतो. एकदा झाडून फुगलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा मापात आणायला नेक डाय, म्हणजे फक्त मान आवळणारा साचा, घेतला, कारण "अचूक नेम हवा तर पुंगळीची फक्त मान आवळायची" असं इथेच, या ग्रुपवर, ठासून सांगितलं गेलं. ऑफिसर म्हणाला, सेमी-ऑटोला अख्खी पुंगळी आवळणारी फुल-लेंग्थ डायच लागते, नाहीतर फुगलेली पुंगळी आत नीट बसत नाही.

घरी येऊन ग्रुपवर सगळ्यात ठामपणे सांगणाऱ्या, नोव्हाय गावात राहणाऱ्या काकांना फोन केला. "काका, तुमची रायफल कुठली?"

"छे रे, माझ्याकडे कुठली रायफल! मी व्हिडिओ बघतो."

त्यांच्या कमेंटला लाइक ठोकणाऱ्यांनो, तुमच्यापैकी किती जणांनी रायफल निदान हातात तरी धरली आहे?