संदर्भ आढळला नाही

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हीसुद्धा एक पळवाटच?

वर्ध्याजवळच्या सेलूच्या शाळेत मी बत्तीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतर देवळीला राहतो आणि इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात संपादनाचे काम करतो. कोणता विषय तिथे राहण्याच्या योग्यतेचा, हे आम्ही चार-पाच जण ठरवतो. टोपणनावाने. नियम साधा आहे — ज्याच्याविषयी बाहेरच्या कोणीतरी छापून लिहिले आहे, ते राहते. बाकीचे वगळायचे.

मागच्या वर्षी एक नवे पान आले. 'गुलमोहर बँड पार्टी, सेलू'. वरातीत वाजवणारी माणसे. क्लॅरिनेट वाजवणारे किसन मास्तर त्यांचे प्रमुख. पान त्यांच्या मुलीने, वनिताने लिहिले होते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका अनेक, संदर्भ एकही नाही. सहकाऱ्यांनी मला कळवले — तुम्ही त्या भागातले, काही छापील सापडते का पाहा. मुदत आठ दिवस.

सापडते का? माझ्या कपाटातच होते. वर्ध्याचे एक साप्ताहिक होते, फार कोणी न वाचलेले, कधीचेच बंद पडलेले. त्याची बांधीव फाईल मी रद्दीतून उचलून आणली होती. तीत किसन मास्तरांवर अर्धे पान. मी फाईल काढली, वाचली, परत ठेवली. आणि लिहिले — "स्वतंत्र छापील संदर्भ आढळला नाही. वगळावे."

हे वाक्य नीट पाहा. कोणाला आढळला नाही, ते त्यात लिहावे लागत नाही. मराठी शिकवण्यात जन्म गेला. भाषेतली ही सोय मला ठाऊक होती. आज त्या वाक्याची शिसारी येते.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी वनिता दारात उभी. वगळा म्हणणारा मीच, हे तिला ठाऊक नव्हते.

"सर, हा वगळा म्हननारा कोन मानूस आहे जी? वरातीत नाचताना कोनी संदर्भ नाई मागितला!" ती हसली. मग आवाज उतरला. "बाबाचे हात थरथर कापून राह्यले आता. क्लॅरिनेट धरवत नाई. एकडाव मोबाइलवर त्याहीले त्याहीचं नाव दाखवीन म्हटलं. बाबाच म्हने, सरले विचारून येजो, सरले सारं मालूम आहे."

सारं मालूम आहे — होय. तुम्हाला वाटले असेल, बाजेवाल्यांविषयीची तुच्छता. तीही होती. पण तेवढ्याने माणूस असे खोटे लिहीत नाही.

त्या अर्ध्या पानात एक वाक्य आहे — शाळेच्या प्रार्थनेची चाल किसन मास्तरांनी बांधली. शब्द माझे होते. चाल त्यांची, एका दुपारी शाळेच्या पायरीवर बसून दिलेली. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर विचारले, "चालही तुमचीच ना?" मी होकारार्थी मान हलवली. एवढेच. पुढे निवृत्तीच्या दिवशी त्याच चालीबद्दल शाल घेतली, नारळ घेतला आणि विनम्रतेवर भाषणही केले. मास्तर वरातींसोबत शाळेवरून जात. प्रार्थना त्यांच्या कानी पडत नसेल? ते कधी काही बोलले नाहीत.

वनिताला मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." चहासुद्धा विचारला नाही. ती बस गाठायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी पान वगळले गेले — पाहा, पुन्हा तेच. मी वगळले.

त्यानंतरही मुभा होती. अंक आणि पृष्ठ, एवढी एक ओळ लिहिली असती तर पान परत आले असते. संगणक रोज सुरू करत होतो. ती ओळ लिहिली नाही.

किसन मास्तर उन्हाळ्यात वारले. हे मी त्यानंतर लिहितो आहे.