पाय केवळाबाईंचे

अहमदपूरच्या केवळाबाईंना सगळं जमतं, मूग गिळून बसणं तेवढं जमत न्हाई. आणि आज नेमकं तेच करायचं होतं!

नात वर्षाराणीला बघायला निलंग्याहून पाव्हणे आलेले. मुलगा दयानंद सकाळपासून तीनदा बजावून गेला, "आई, शिनेमाचं नाव काढू नको. सोयरीक मोडंल." आई तरुणपणी मुंबईत शिवणकाम करायची, असं त्यानं पाव्हण्यांना सांगून ठेवलं होतं. शिवणकाम! अहो, बाईंना साधं बटण लावायला शेजारीण लागते.

खरी गोष्ट अशी. अठराव्या वर्षी ही पोर भोकरहून मुंबईला मामाकडं गेली. मामा स्टुडिओत सुतार. त्याचा डबा घेऊन सेटवर शिरली, तर नाच चाललेला; हिनं कोपऱ्यात आपला आपणच ठेका धरला. डान्समास्तरनं हेरलं आणि ओळीत उभं केलं. पुढं सहा वर्षं तिसरी ओळ, डोक्यावर घागर, तोंडावर पदर. चेहरा कुणाला दिसला असंल तर शप्पथ! पण हिरॉईनचा ठेका चुकला की मास्तर ओरडायचे, "केवळाला बोलवा!" मग पडद्यावर तोंड हिरॉईनचं आणि पाय केवळाचे.

पोहे झाले, चहा आला. टीव्हीवर नेमकं त्याच पायांचं एक गाणं लागलं. नवरदेवाची आजी बसम्मा कप हातात धरूनच विरघळली. "अय्यो, काय ठेक्यात पाय पडून राहिलेत हिरॉईनचे!"

केवळाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक कडवं सोसलं. दुसऱ्याला बसम्मा म्हणाल्या, "असे पाय आता कुठं बघायला मिळायचे?"

"हितं!" बाई उठल्याच. "हे काय, हितं हायत! हिरॉईन तवा खुर्चीत बसून उसाचा रस पिऊन राहिली होती!"

वर्षाराणी ट्रे धरून तशीच उभी. बाईंनी तिच्याकडं बघितलं. अगं बया, पोरीचं वाटोळं केलं की मी! "म्हाताऱ्या माणसाचं काय, काहीबाही बोलते," असं पुटपुटत त्या खाली बसू लागल्या.

आईनं स्वतःलाच खोटं पाडलेलं दयानंदला सोसलं न्हाई. तो उठला. "काहीबाही न्हाई. माझ्या आईचेच पाय हायत ते. शिवणकामाचं मीच खोटं बोललो."

बसम्मांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा केवळाबाईंच्या पायांकडं. मग कप खाली ठेवला. "आन् मग बघत काय राहिलात? टीपॉय सरकवा की!"

दयानंदनं पोह्यांच्या बशांसकट टीपॉय उचलला. केवळाबाईंनी पदर खोचला, कुरकुरणाऱ्या गुडघ्याला एक शिवी हासडली आणि पाय आपटला.